केस गळताहेत आणि हिमोग्लोबिन तर नॉर्मल आहे: लोहाची कमतरता कशी तपासायची, कशी भरून काढायची

केस गळायला लागले की पहिला संशय शाम्पूवर जातो, दुसरा पाण्यावर, तिसरा तेलावर. तिन्ही बदलून झाले की कोणीतरी म्हणतं, "आयर्न कमी असेल, गोळ्या सुरू कर." सल्ला कधीकधी अगदी बरोबर निघतो. पण तो अमलात आणताना लोक दोनपैकी एका ठिकाणी हमखास अडखळतात. काहीजण हिमोग्लोबिन बारा आलं म्हणून लोहाचा विषयच मिटवून टाकतात. काहीजण काहीही न तपासता गोळ्या घेतात आणि महिनाभरात केस गळायचे थांबले नाहीत म्हणून सोडून देतात. खाली जे आहे ते डॉक्टरांऐवजी वापरायचं नाही. डॉक्टरांकडे कोणती माहिती घेऊन जायचं, रिपोर्टमध्ये काय वाचायचं आणि गोळी सुरू झाल्यावर किती थांबायचं, यासाठी ते आहे.

आधी केसांचं वेळापत्रक समजून घ्या

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर तीनेक महिने तो नुसताच मुळाशी बसून राहतो आणि गळतो. कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात, म्हणून आपलं डोकं भरलेलं दिसतं. रोज ५० ते १०० केस गळणं हा या चक्राचाच भाग आहे.

शरीरावर मोठा ताण आला की वाढत असलेले बरेच केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात ढकलले जातात. मात्र ते त्या दिवशी गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. वैद्यकीय भाषेत याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. आज उशीवर दिसणाऱ्या केसांचं कारण म्हणूनच मागच्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूत बहुधा सापडत नाही. ते मागच्या ऋतूत शोधावं लागतं.

लोहाचा संबंध येतो तो केसाच्या मुळाशी. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. प्रत्येक विभागणीसाठी नवा डीएनए लागतो आणि त्याचे घटक बनवणारं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज नावाचं एन्झाइम लोहाशिवाय चालत नाही. लोह कमी पडलं की शरीर ते आधी रक्तासाठी वापरतं. केस नसले तरी जगता येतं, त्यामुळे त्यांचा नंबर फार मागे लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लोह कमी असणाऱ्यांचे केस गळतात असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि तसा संबंध न सापडलेले अभ्यासही आहेत. केस गळणाऱ्या प्रत्येकाचं लोह कमी नसतं आणि लोह कमी असलेल्या प्रत्येकाचे केस गळत नाहीत. तरीही तपासणी सोपी आहे आणि कमतरता सापडली तर ती केसांसाठी नाही तरी बाकी शरीरासाठी भरून काढायलाच हवी. त्यामुळे तपासण्यात तोटा नाही. न तपासता गोळी घेण्यात मात्र आहे.

पायरी १: केस कसे गळताहेत ते पाहा

सगळ्या डोक्यावरून सारखेच गळत असतील, वेणी किंवा पोनीटेल बारीक झाली असेल, पण टक्कल कुठेच दिसत नसेल, तर लोहाचा संशय घ्यायला जागा आहे. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो आणि लोक घाबरतात, "मुळासकट निघाला!" तो ठिपका म्हणजे विश्रांतीचा टप्पा पूर्ण केलेल्या केसाचं गोल झालेलं टोक. खरं मूळ त्वचेतच राहतं आणि त्यातून नवा केस येऊ शकतो.

नुसता भांग रुंद होत चालला असेल, माथ्यावर विरळपणा असेल आणि बाजूचे, मागचे केस मात्र दाट असतील, तर ते बहुतेक वेळा आनुवंशिक विरळपण असतं. त्यावर नुसतं लोह पुरत नाही. गोल चकती पडली असेल तर ती चाई असू शकते. खाज, खपल्या, पू किंवा केस मध्येच तुटणं असेल तर बुरशीचा संसर्ग पाहावा लागतो. घट्ट बांधलेल्या केसांमुळे कपाळाजवळची रेघ मागे सरकते. अशा खुणा दिसल्या तर सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा, लोहाच्या तपासणीची वाट पाहत बसू नका. आनुवंशिक विरळपण आणि लोहाची कमतरता एकाच डोक्यावर एकत्र नांदतात असंही पुष्कळदा होतं.

केस मोजत बसायची गरज नाही, त्याने नुसती धास्ती वाढते. दोन-तीन दिवसांनी केस धुतले तर मधल्या दिवसांत सुटलेले सगळे एकदम हातात येतात आणि आकडा भयंकर वाटतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, तसाच भांग पाडून एक फोटो काढा.

पायरी २: मागच्या सहा महिन्यांची यादी करा

कागदावर लिहा: मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, पटकन घटवलेलं वजन, नवं सुरू केलेलं किंवा बंद केलेलं औषध, घरातला मोठा धक्का. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस गळणं फार सर्रास आहे आणि ते बहुधा आपोआप थांबतं.

त्याच कागदावर रक्त कुठून जातं तेही लिहा. पाळी सात दिवसांहून जास्त चालते का, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते जास्त मानतात, पण घरी कोणी मोजत नाही, म्हणून हे प्रश्न. "आमच्याकडे सगळ्यांना अशीच येते" हे उत्तर डॉक्टरांना देऊ नका. सगळ्यांचंच लोह कमी असू शकतं. मूळव्याधीचं रक्त, नियमित रक्तदान आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्या यांचीही नोंद करा.

लोह कमी झाल्याच्या इतर खुणाही बघा: जिना चढताना धाप, सततची मरगळ, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा, चमच्यासारखी खोलगट झालेली नखं, रात्री पाय स्वस्थ न राहणं, आणि बर्फ किंवा माती खायची विचित्र इच्छा. बर्फ चघळायची सवय असेल तर संकोच न करता सांगा. डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं.

पायरी ३: योग्य तपासण्या मागा

सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी) आणि सीरम फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी), या दोन्ही हव्यातच. काही "आयर्न प्रोफाइल" पॅकेजमध्ये सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह धरून ठेवायची क्षमता) असतं पण फेरिटिन नसतं, तेव्हा नाव वाचून पैसे भरा. जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे) आणि सीआरपी (शरीरात दाह आहे का) मिळालं तर अर्थ लावणं सोपं जातं. थायरॉइडसाठी टीएसएच जवळजवळ नेहमीच करतात, कारण थायरॉइड बिघडलं तरी केस असेच गळतात. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व गरजेप्रमाणे.

रक्त सकाळी द्या. आयर्नची गोळी सुरू असेल तर आदल्या दिवशी ती घ्यायची की नाही ते विचारून घ्या, कारण सीरम आयर्नचा आकडा गोळीने तात्पुरता फुगतो. ताप किंवा संसर्ग नुकताच होऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. आणि केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते आवर्जून सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं, आणि मग नसलेल्या आजाराच्या मागे धावणं होतं.

पायरी ४: रिपोर्ट वाचा

या पायरीवर घाई करू नका.

प्रौढ माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये कामाला लागलेलं असतं आणि उरलेल्यातलं बरंचसं साठवलेलं असतं. फेरिटिन हा त्या साठ्याचा आकडा. कोठारातलं धान्य संपत आलं तरी ताटात भाकरी पडतच असते, तसं साठा आटला तरी हिमोग्लोबिन बरेच महिने ठीक दिसतं. आधी फेरिटिन घसरतं, मग ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, मग लाल पेशी लहान होऊ लागतात आणि सगळ्यात शेवटी हिमोग्लोबिन पडतं. म्हणून "हिमोग्लोबिन नॉर्मल" एवढ्यावरून लोह पुरेसं आहे असं म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ च्या, गरोदरपणी ११ च्या (मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या) आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली गेलं की तो ॲनिमिया. फेरिटिनसाठी त्यांनी २०२० मध्ये दिलेली सीमा निरोगी प्रौढांसाठी १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे आणि शरीरात दाह किंवा संसर्ग असेल तर ७०. एवढा फरक का? कारण ताप, संसर्ग, यकृताचा आजार, सांध्यांचा दाह यांत फेरिटिन खोटंच वाढतं. सीआरपी वाढलेलं असताना फेरिटिन ५० आलं तर ते पुरेसं आहे असं धरून चालू नका.

प्रत्यक्षात बरेच डॉक्टर ३० च्या खाली फेरिटिन असेल तर कमतरता धरतात, कारण १५ च्या खाली जाईपर्यंत साठा जवळजवळ संपलेला असतो. केस गळत असतील तर काही त्वचारोगतज्ज्ञ ४० च्या, काही ७० च्या वर नेण्याचा प्रयत्न करतात. या वरच्या आकड्यांवर एकमत नाही. माझं मत विचाराल तर ३० च्या आत असेल तर वाद घालू नये, भरून काढावं. ३० ते ७० च्या मधे असेल तर पाळी, लक्षणं आणि बाकी कारणं पाहून डॉक्टरांबरोबर ठरवावं. ७० च्या वर असेल आणि सीआरपी नॉर्मल असेल तर लोहाचा पिच्छा सोडून दुसरं कारण शोधावं.

लॅबच्या छापील मर्यादेकडे बघून फसू नका. कित्येक रिपोर्टांत खालची मर्यादा १० किंवा ११ छापलेली असते, म्हणून फेरिटिन १३ असूनही आकड्यापुढे खूण येत नाही. एककांचा गोंधळ मात्र नको: नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर यांचा आकडा एकच असतो.

आणखी एक सापळा. एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) कमी आहे, म्हणजे पेशी लहान आहेत, पण फेरिटिन चांगलं आहे, असं दिसलं तर तो थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा) वाहकपणा असू शकतो. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची रक्ततपासणी करून ते कळतं. अशा माणसांना वर्षानुवर्षं विनाकारण आयर्न दिलं जातं.

पायरी ५: लोह का कमी झालं ते शोधा

ही पायरी लोक गाळतात. गोळीने आकडा वर येतो, गोळी थांबली की परत खाली येतो, आणि दोष गोळीला जातो. खाण्यातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषलं जातं आणि एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. हा हिशेब मांडला की जास्त पाळी येणाऱ्या बाईचा साठा नुसत्या जेवणाने का भरत नाही ते कळतं. एका रक्तदानात २०० ते २५० मिलिग्रॅम जातं. पाळी जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तिचा इलाज हाच लोहाचा खरा इलाज.

पुरुष आणि पाळी बंद झालेल्या स्त्रिया यांच्यात लोह कमी निघालं तर केसांचा विचार बाजूला ठेवा. पोटातून, आतड्यातून नकळत रक्त जात असू शकतं. त्यासाठी एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी करावी लागू शकते आणि ती टाळू नये. सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडणं), एच. पायलोरी (जठरातला जिवाणू), हुकवर्मचे जंत, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणं, हीही कारणं आहेत.

पायरी ६: गोळी नीट घ्या

गोळीवर लिहिलेलं वजन आणि तिच्यातलं लोह वेगळं असतं. २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम, तर ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये सुमारे ३५. दोन ब्रँडची तुलना करताना "एलिमेंटल आयर्न" हा आकडा बघा.

रोज दोन-तीन गोळ्या घेतल्या की काम लवकर होईल असं वाटतं, पण शरीराचं गणित तसं नाही. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते पुढचे सुमारे २४ तास आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर २०१५ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं की गोळी एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतला शोषला जाणारा वाटा वाढतो. त्यामुळे आता अनेक डॉक्टर दिवसाला एक किंवा एक दिवसाआड एक असं देतात. मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता कमी झाली तर तो वरचा फायदा. ॲनिमिया जास्त असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील, ते ऐका.

उपाशीपोटी, सकाळी, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घेणं उत्तम. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून किमान एक-दोन तास लांब. थायरॉइडची गोळी आणि आयर्न यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडचं औषध वाया जातं. काही अँटिबायोटिकही आयर्नबरोबर निकामी होतात. पोट अजिबात सहन करत नसेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण बंद केलेल्या गोळीचं शोषण शून्यच असतं.

शौच काळसर होईल, तो रंग निरुपद्रवी. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वास येणारं असेल तर ते पोटातलं रक्त असू शकतं, लगेच दाखवा.

गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, कुलपात ठेवा. थोड्या गोळ्यांनीही मुलाच्या जिवावर बेतू शकतं. मोठ्यांनाही लोह जास्त झालं तर शरीराकडे ते बाहेर टाकायची सोय नाही. हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक आजार असलेल्यांचं यकृत, हृदय त्याने बिघडतं. न तपासता गोळी घेण्यातला तोटा तो हा.

शिरेतून लोह देण्याचा उपाय आहे, पण तो गोळी सहन न होणाऱ्यांसाठी, आतड्यातून शोषण न होणाऱ्यांसाठी किंवा घाईची गरज असणाऱ्यांसाठी. फक्त केसांसाठी तो मागू नका.

पायरी ७: ताटाकडे बघा, पण अपेक्षा मोजून

मांस, यकृत, मासे यांतलं लोह चांगलं शोषलं जातं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, तीळ यांतलं कमी, पण त्याच जेवणात लिंबू, संत्रं, टोमॅटो असं क जीवनसत्त्व असलेलं काही घेतलं तर ते वाढतं. जेवणानंतर लगेचचा चहा तासाभराने पुढे ढकलणं हा सर्वांत स्वस्त उपाय. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं आणि चिरलेलं सफरचंद तांबडं पडतं म्हणजे त्यात लोह भरपूर, या दोन्ही समजुती चुकीच्या. दोन्हींत लोह फारसं नसतं. आणि साठा रिकामा झाल्यावर नुसत्या खाण्याने तो भरायला फार काळ लागतो. खाणं पुढची घसरण थांबवायला उपयोगी, भरपाईला गोळी.

प्रथिनं कमी करून वजन उतरवत असाल तर लोह कितीही घ्या, केस गळतच राहतील. तसंच "केसांसाठी" म्हणून मिळणारी मल्टिव्हिटॅमिन जपून घ्या. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात.

पायरी ८: थांबा, आणि तारखा लिहून ठेवा

ॲनिमिया असेल तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक-दोन ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी घेण्यात खंड पडतोय, ती शोषली जात नाही किंवा रक्त अजून जातंय. हिमोग्लोबिन ठीक झालं की लोक गोळी बंद करतात; तिथे साठा अजून रिकामाच असतो. त्यानंतर साधारण तीन महिने तरी चालू ठेवावी लागते आणि मग फेरिटिन पुन्हा बघायचं.

केस त्याहून मागे चालतात. गळती कमी व्हायला तीनेक महिने. कपाळापाशी उभे राहणारे आखूड, टोकदार केस दिसायला लागले की समजा नवे येताहेत. पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीची जाडी परत यायला सहा महिने ते वर्ष, केस लांब असतील तर आणखी जास्त. मधल्या काळात केस कापून आखूड ठेवले तर विरळपणा कमी दिसतो.

फेरिटिन वर आलं, सहा महिने झाले आणि तरी गळती तशीच आहे, तर लोह हे एकमेव कारण नव्हतं. महिन्याचे फोटो आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. भांग रुंदावत असेल तर ते मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारं औषध सुचवू शकतात, आणि त्याच्या पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढते हे आधीच माहीत असलेलं बरं.

गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांनी एकदा फेरिटिन करा. जास्त पाळी किंवा नियमित रक्तदान चालू असेल तर पुढे दरवर्षी.